विश्लेषण : अणुभट्ट्या वाढवायच्या, मग न्यूट्रॉन मोजणार कोण?

अणुऊर्जेची क्षमता २०४७ पर्यंत १०० गिगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधन आणि विकासासाठी २० हजार कोटी रुपयांची तरतूदही केली. घोषणा झाली तेव्हा देशाची अणुवीज क्षमता जेमतेम आठ गिगावॅट होती. म्हणजे साधारण दोन दशकांत बारापट उडी घ्यायची आहे. तेव्हापासून चर्चा सुरू आहे ती जमीन, परदेशी कंपन्या, अपघाताची भरपाई आणि विजेचा दर यांची. या चर्चेत एक छोटा विषय कुठेच नाही. अणुभट्टीचे गणित ज्या आकड्यांवर उभे राहते, ते आकडे मोजणाऱ्या विद्यापीठांतील न्यूट्रॉन प्रयोगशाळांचा. हा विषय छोटा दिसतो, पण दुर्लक्ष करण्याइतका छोटा नाही.

आकडे म्हणजे नेमके कोणते?

इंजिनीअरिंगला थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला स्टीम टेबलची पुस्तिका मिळायची. अमुक तापमानाला, अमुक दाबाला वाफेत किती ऊर्जा असते हे त्यात पाहायचे आणि गणित सोडवायचे. हे आकडे कोणी, कसे मोजले, असा प्रश्न चार वर्षांत आमच्या वर्गात कोणी विचारल्याचे आठवत नाही. छापलेले आहे म्हणजे बरोबर आहे, एवढाच विश्वास.

अणुभट्टीच्या अभियंत्याकडेही असेच तक्ते असतात. त्यात वाफेऐवजी न्यूट्रॉनचे वागणे लिहिलेले असते. अमुक वेगाचा न्यूट्रॉन अमुक अणुकेंद्रकावर आदळला तर तो उसळून परत फिरेल, शोषला जाईल, केंद्रक फोडेल की आणखी दोन न्यूट्रॉन बाहेर काढेल, याची शक्यता किती? या शक्यतेला भौतिकशास्त्रात ‘क्रॉस सेक्शन’ म्हणतात. न्यूट्रॉनला ते केंद्रक जणू किती मोठे लक्ष्य ‘दिसते’, ते क्षेत्रफळाच्या भाषेत सांगायचे. त्याचे एकक आहे ‘बार्न’, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरचा १ वर २४ शून्ये इतकावा भाग. बार्न म्हणजे इंग्रजीत धान्याचे कोठार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे नाव गमतीने दिले. केंद्रकाच्या मापाने हे क्षेत्रफळ कोठाराएवढे मोठे, असा त्यामागचा विनोद.

या आकड्यांनी काय फरक पडतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. तारापूर ३ आणि ४, काक्रापार, कैगा येथील भट्ट्यांत जड पाणी वापरतात. ते का? मंद न्यूट्रॉन गिळण्याची साध्या हायड्रोजनची क्षमता सुमारे ०.३३ बार्न आहे. जड पाण्यातील ड्युटेरियमची आहे सुमारे ०.०००५ बार्न. शेकडो पटींचा हा फरक असल्यामुळेच समृद्ध न केलेले, नैसर्गिक युरेनियम वापरून भट्टी चालवता येते. भारताने अणुऊर्जेचा जो मार्ग निवडला, त्याच्या मुळाशी हे दोन आकडे आहेत.

‘कमी ऊर्जा’ म्हणजे किती कमी?

जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील महाकाय त्वरकात एकेका प्रोटॉनची ऊर्जा ६८ लाख मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेतात. आपण ज्या संशोधनाबद्दल बोलत आहोत, तिथे न्यूट्रॉनची ऊर्जा साधारण शून्य ते वीस मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दरम्यान असते. सर्नच्या तुलनेत हे काहीच नाही. पण अणुभट्टीत जे घडते ते सगळे याच पट्ट्यात घडते. विखंडनातून बाहेर पडणारा न्यूट्रॉन साधारण एक-दोन मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. नवे कण शोधण्याचे वलय या क्षेत्राला नाही, त्यामुळे बातम्याही होत नाहीत.

न्यूट्रॉनचा झोत तयार कसा करतात?

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. त्यामुळे विद्युतक्षेत्राने त्याला वेग देता येत नाही, प्रोटॉनसारखे हवे तिकडे वळवताही येत नाही. बाटलीत साठवून ठेवायचा म्हटले तर केंद्रकाबाहेरचा मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत नष्ट होतो. म्हणून तो जागेवरच तयार करावा लागतो.

सगळ्यात सोपी पद्धत अशी. ड्युटेरियमच्या आयनांना काही लाख व्होल्टचा धक्का द्यायचा आणि ट्रिटियम मुरवलेल्या धातूच्या पातळ थरावर आदळायचे. दोन्ही केंद्रके एकत्र येतात, हेलियम तयार होतो आणि सुमारे १४ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रॉन सुटतो. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या संमीलन भट्टीत हीच विक्रिया घडवायची आहे आणि भारत त्या प्रकल्पात भागीदार आहे. म्हणजे इटरच्या भिंतींवर उद्या ज्या ऊर्जेचे न्यूट्रॉन आदळणार, त्याच ऊर्जेचे न्यूट्रॉन विद्यापीठातील एका खोलीत बसणाऱ्या यंत्रातून आज मिळू शकतात.

दुसऱ्या पद्धतीत लिथियमच्या थरावर प्रोटॉन आदळतात. प्रोटॉनची ऊर्जा कमी-जास्त केली की न्यूट्रॉनची ऊर्जाही बदलते. यासाठी त्वरक जरा मोठा लागतो. न्यूट्रॉन नको त्या दिशेला जाऊ नयेत म्हणून भोवती पॅराफिन, बोरॉन मिसळलेले प्लास्टिक, शिसे आणि काँक्रीटच्या भिंती उभाराव्या लागतात.

प्रत्यक्ष मोजमाप कसे होते?

समजा एखाद्या धातूवर न्यूट्रॉनचा काय परिणाम होतो ते पाहायचे आहे. त्याची पातळ चकती अचूक वजन करून घ्यायची. तिच्या मागे-पुढे ॲल्युमिनियमचे किंवा सोन्याचे पत्रे लावायचे, कारण त्यांचे आकडे आधीच चांगले माहीत असतात. किती न्यूट्रॉन येऊन गेले याची साक्ष हे पत्रे देतात. काही तास हा संच झोतासमोर ठेवायचा. त्यानंतर चकती उचलून जर्मेनियमच्या शोधकासमोर न्यायची. हा शोधक द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो. चकतीत तयार झालेली किरणोत्सारी केंद्रके ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात, ते मोजायचे. ॲल्युमिनियममध्ये तयार होणाऱ्या सोडियम-२४ चे अर्धायुष्य १५ तास, म्हणून सवडीने मोजता येते. काही केंद्रकांचे अर्धायुष्य मिनिटांत असते, तिथे चकती घेऊन अक्षरशः धावावे लागते.

मोजण्यापेक्षा अवघड असते ती चुकीची मर्यादा ठरवणे. भिंतीवरून परतलेले न्यूट्रॉन किती? वजनात चूक किती? शोधकाची क्षमता किती टक्क्यांपर्यंत खात्रीची? अणुभट्टीच्या रचनाकाराला नुसता आकडा पुरत नाही. तो पाच टक्क्यांनी चुकू शकतो की वीस टक्क्यांनी, हेही हवे असते. त्यावरूनच सुरक्षिततेसाठी किती वाव सोडायचा ते ठरते.

हे काम विद्यापीठांनीच का करायचे?

कारण हे क्षेत्र विद्यापीठांतच जन्मले. १९३२ मध्ये केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. १९३४ मध्ये रोम विद्यापीठात एन्रिको फर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी रेडॉन आणि बेरिलियमच्या छोट्या नळ्या घेऊन एकेका मूलद्रव्यावर न्यूट्रॉन सोडत होते. मध्ये पॅराफिन ठेवले की परिणाम वाढतो, हे त्यांना त्या ऑक्टोबरमध्ये दिसले आणि मंद न्यूट्रॉनचे महत्त्व जगाला कळले. आजच्या बहुतेक अणुभट्ट्या याच तत्त्वावर चालतात. त्या प्रयोगाला महाकाय यंत्र लागले नव्हते.

आजही चित्र फार वेगळे नाही. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात सत्तर लाख व्होल्टच्या व्हॅन डी ग्राफ त्वरकावर १९६० च्या दशकापासून न्यूट्रॉनचे प्रयोग झाले. तिथे सोडियम आणि लोखंडावरून न्यूट्रॉन कसे उसळतात याची बारीक मोजमापे झाली, त्यात पदवीचे विद्यार्थीही होते. या दोन मूलद्रव्यांशी आपलाही संबंध आहे. कल्पाक्कमच्या शीघ्र प्रजनक भट्टीत उष्णता वाहून नेणारा द्रव म्हणजे वितळलेला सोडियम आणि भट्टीचा सांगाडा पोलादाचा. नॉर्थ कॅरोलायनात तर ड्यूक विद्यापीठ आणि शेजारच्या विद्यापीठांनी १९६५ पासून एकत्र प्रयोगशाळा चालवली आहे.

आपल्याकडे काय आहे?

आपली पाटी कोरी नाही. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात १४ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे न्यूट्रॉन जनित्र होते आणि त्यावर झालेल्या मोजमापांचे शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले. तिथल्याच मायक्रोट्रॉन या इलेक्ट्रॉन त्वरकाच्या मदतीनेही न्यूट्रॉन निर्माण करण्याचे काम झाले. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाने अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचा जुना सायक्लोट्रॉन आणून उभा केला. दिल्लीत विद्यापीठांसाठी सामाईक त्वरक केंद्र उभे राहिले.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील पेलेट्रॉन आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘फोशिया’ हे त्वरक बाहेरच्या विद्यापीठांनाही उपयोगी पडले. बडोदा आणि मंगळूर येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी भाभा केंद्राच्या सहकाऱ्यांबरोबर पेलेट्रॉनवरील न्यूट्रॉन प्रयोगांत भाग घेतला. मिझोराम विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्भ्याला येऊन जस्ताच्या एका समस्थानिकाचे आकडे मोजले. ऐजॉलहून मुंबई गाठायची, मिळालेल्या मोजक्या दिवसांत प्रयोग उरकायचा, झोत मध्येच बंद पडला तर पुढच्या वेळेची वाट पाहायची, असे हे काम असते.

थोरियमचे काय?

इथे मुद्दा आपल्या थेट हिताचा होतो. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम मोठ्या प्रमाणावर आहे आणि होमी भाभांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमाचे अंतिम लक्ष्य तेच आहे. थोरियम स्वतः इंधन नाही. थोरियम-२३२ ने न्यूट्रॉन घेतला की थोरियम-२३३ होते, ते काही मिनिटांत प्रोटॅक्टिनियम-२३३ होते आणि त्याचे युरेनियम-२३३ होते. हे शेवटचे खरे इंधन.

अडचण मधल्या पायरीवर आहे. प्रोटॅक्टिनियम-२३३ चे अर्धायुष्य सुमारे २७ दिवस. या काळात त्याने आणखी एक न्यूट्रॉन गिळला तर एक न्यूट्रॉनही गेला आणि होऊ घातलेले इंधनही गेले. हे किती वेळा घडेल? नमुनाच अतिशय किरणोत्सारी आणि अल्पायुषी असल्याने थेट मोजणे फार कठीण. मुंबईच्या पेलेट्रॉनवर भाभा केंद्राच्या गटाने थोरियमवर लिथियमचे झोत सोडून, वेगळ्या वाटेने तेच संयुक्त केंद्रक तयार केले आणि प्रोटॅक्टिनियमच्या विखंडनाचा आकडा काढला. २००८ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

दुसरा प्रश्न वेगवान न्यूट्रॉनचा. साडेसहा मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आणि त्यापुढे न्यूट्रॉन थोरियममधून दोन न्यूट्रॉन बाहेर काढू शकतो. या वाटेने शेवटी युरेनियम-२३२ तयार होते आणि त्याच्या पुढच्या साखळीतून अतिशय भेदक गॅमा किरण येतात. त्यामुळे हे इंधन हाताळायला जाड भिंती आणि यांत्रिक हात लागतात. भिंत किती जाड, हे शेवटी एका क्रॉस सेक्शनवर येऊन ठरते.

तिसरा प्रश्न नियंत्रणाचा. विखंडनानंतर थोडे न्यूट्रॉन काही सेकंद उशिरा बाहेर पडतात. या उशिरामुळेच भट्टी माणसाच्या आणि यंत्रांच्या आवाक्यात राहते. युरेनियम-२३५ मध्ये त्यांचे प्रमाण सुमारे ०.६५ टक्के आहे, युरेनियम-२३३ मध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. इतक्या छोट्या संख्येतली छोटी चूकही महत्त्वाची ठरते.

आकडे फुकट मिळत असताना मोजायचे कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. अमेरिका, युरोप, जपान, रशिया आणि चीन यांनी तपासून तयार केलेली आकड्यांची भांडारे आहेत, त्यांतली बरीच कोणालाही मोफत पाहता येतात. व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या समन्वयाने चालणारा प्रयोगांच्या आकड्यांचा संग्रहही खुला आहे आणि त्यात भारतीय मोजमापे भरण्याच्या कामी आपल्या विद्यापीठांतील अध्यापक आणि विद्यार्थ्यांनीही हात लावला आहे. संगणकावर प्रतिकृती चालवता येते ती वेगळीच.

पण या देशांनी सर्वाधिक कष्ट घेतले ते युरेनियम-प्लुटोनियमच्या साखळीवर, कारण त्यांच्या भट्ट्या आणि शस्त्रे त्यावर चालतात. थोरियमची गरज आपल्याला अधिक आहे, तर त्याची मोजमापे दुसऱ्यांनी प्राधान्याने करावीत ही अपेक्षा फोल आहे. वेगवेगळ्या भांडारांतले आकडे जिथे जुळत नाहीत, तिथे कोणाचे खरे मानायचे? ज्याने स्वतः कधी मोजलेच नाही, त्याला हा निवाडा करता येत नाही. संगणकाच्या प्रतिकृतीतही प्रयोगाचे आकडे घालूनच तिचे माप जुळवावे लागते. प्रमुख भांडारांच्या यादीत चीनचे स्वतःचे नाव आहे, भारताचे नाही. ही बाब आपण मनाला लावून घ्यायला हवी.

विद्यापीठांकडे अशी यंत्रे देणे धोक्याचे नाही का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा किरणोत्सारी स्रोत पोहोचला. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वापराविना पडून असलेले उपकरण लिलावात विकले गेले होते. एका कामगाराचा जीव गेला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. त्या उपकरणातील न्यूट्रॉन नव्हे तर गॅमा स्रोत घातक ठरला, पण धडा लागू पडतो.

न्यूट्रॉन जनित्राचा एक फायदा आहे. वीज बंद केली की न्यूट्रॉन थांबतात. तरी ट्रिटियमचा थर उरतोच आणि त्याची नोंद, साठवण, विल्हेवाट काटेकोर हवी. मायापुरी घडले ते विद्यापीठात संशोधन चालू होते म्हणून नव्हे. ते बंद पडले, जाणकार निवृत्त झाले आणि कपाटात काय आहे हे सांगणारे कोणी उरले नाही, म्हणून घडले. बंद आणि विसरलेली प्रयोगशाळा ही चालू प्रयोगशाळेपेक्षा जास्त धोकादायक असते.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, यंत्राच्या खरेदीइतकाच पैसा ते चालवण्यासाठी ठेवायला हवा. आपल्याकडे उद्घाटनाला निधी मिळतो, पण निर्वात पंपाच्या तेलाला, शोधकाच्या द्रवरूप नायट्रोजनला आणि तंत्रज्ञाच्या पगाराला मिळत नाही. तंत्रज्ञाचे पद रिकामे राहिले की कोट्यवधींचे यंत्र धूळ खाते.

दुसरी, काटेकोर मोजमापाला पीएचडीच्या मूल्यमापनात मान हवा. ‘यात नवीन काय?’ हा परीक्षकाचा ठरलेला प्रश्न असतो. आधी दोघांनी मोजलेला आकडा तिसऱ्यांदा अधिक अचूक मोजणे, हे नावीन्य वाटत नाही. अणुभट्टीच्या दृष्टीने मात्र तेच सर्वात मोलाचे.

तिसरी, छोट्या प्रयोगशाळांनी संघ करावा. अमेरिकेत विद्यापीठांच्या त्वरक प्रयोगशाळांची अशी संघटना आहे, ती एकत्र बसून निधीसाठी बाजू मांडते. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कल्पाक्कमची मोठी केंद्रे आणि राज्यांतील विद्यापीठे यांच्यात झोताची वेळ, नमुने आणि सुटे भाग वाटून घेण्याची नियमित व्यवस्था हवी. ती ओळखीपाळखीवर चालू नये.

चौथी, प्रत्येक किरणोत्सारी साधनाच्या मंजुरीबरोबरच ते शेवटी कुठे जाणार, कोणाच्या खर्चाने जाणार हे लिहून ठेवावे. विभागप्रमुख बदलले तरी जबाबदारी बदलू नये.

अणुऊर्जेला विरोध असलेल्यांनाही यात हरकत घेण्यासारखे काही नाही, उलट त्यांनी हा आग्रह धरावा. सरकारी यंत्रणेबाहेर, विद्यापीठात बसलेला, न्यूट्रॉन स्वतः मोजता येणारा माणूस असेल तरच ‘सुरक्षित आहे’ या दाव्याची स्वतंत्र तपासणी होऊ शकते. उद्या नव्या रचनेच्या छोट्या भट्ट्या घेऊन कंपन्या येतील, तेव्हा त्यांच्या कागदांवरील आकडे वाचून ‘हे कशावरून?’ असे विचारणारे तरुण कुठून आणणार? असा माणूस जाहिरात देऊन सहा महिन्यांत मिळत नाही. चकतीचे वजन करताना, रात्रभर शोधकासमोर बसताना आणि स्वतःची चूक किती टक्के हे प्रामाणिकपणे लिहिताना तो घडतो.

वीस हजार कोटींमध्ये या कामाचा वाटा अगदी लहान असेल. पण १०० गिगावॅटच्या प्रत्येक भट्टीचा हिशेब ज्या तक्त्यावरून होणार, त्यातल्या काही रकान्यांत तरी आकडा आपण मोजलेला असायला हवा.